सांडशीची जागा

मंगळवारी तिला माझ्या टेबलावर आणलं,
दोन पुठ्ठ्यांमध्ये, आजारी माणसाला आणतात तसं.
वानेस म्हणाला, जपून. ही शिंकेनंही तुटेल.

संत अपोलोनिया. दात उपटून छळलेली.
वीतभर कागद, मागे विटांची भिंत,
कालव्यात बदकं, आणि एक बाई,
जी या साऱ्याकडे पाठ करून कपडे पिळते आहे.
गोष्ट अलेक्झांड्रियातली,
पण चित्रकार गेंटचा, समुद्र न पाहिलेला;
त्यानं आपल्याच गल्लीत तिला हुतात्मा केलं.

ही शाई कशी करत, मला ठाऊक आहे:
ओकच्या झाडावरची मायफळं कुटून
पावसाच्या पाण्यात भिजत घालायची,
मग हिराकस, डिंक, असलीच तर आंबलेली वाइन.
लिहिताना फिकी. रात्रीतून काळी.
आणि नंतर, कुणाला न कळत, भुकेली.

पाचशे वर्षं ती कागद खात बसली आहे.
जिथं हात जड पडला तिथं जास्त:
जल्लादाचं कोपर, त्याचे बूट,
आणि सांडशी.
तीन-तीनदा गिरवलेली सांडशी
आता नाहीच.
तिच्या आकाराचं भोक आहे,
भोकातून माझ्या टेबलावरची हिरवी रबरी चटई दिसते.

ती मात्र आहे.
तिला काढताना त्यानं शाईत पाणी घातलं,
की दौत सरत आली होती, कोण जाणे.
गालाची रेघ इतकी पातळ
की श्वास धरून बघावी लागते.

अतिनील दिव्याखाली आणखी एक दिसलं:
हनुवटीपासून टाळूपर्यंत बांधलेलं फडकं,
नंतर सुरीनं खरवडून काढलेलं.
म्हणजे समोर बसली ती संत नव्हे,
शेजारची कुणी, बिअर गाळणारी, ईल सोलणारी,
जिची दाढ त्या दिवशी खरंच ठणकत होती
आणि जिला चार नाणी हवी होती.
तिनं विचारलं असेल, झालं का?
तो म्हणाला असेल, हलू नकोस.

भोक बुजवायचं ना, वानेस विचारतो.
नियम आहे: मागून जपानी कागद, गव्हाची खळ,
रंग जवळपासचा, पण फसवणारा नको.
बुजवेन. उद्या.

दिवा मालवूनही बसून राहिले,
जिभेनं माझीच मागची दाढ चाचपत,
जिची डॉक्टरकडची वेळ मी तीनदा पुढे ढकलली आहे.
खिडकीखाली लेये नदीवर कुणीतरी दोर फेकत होतं.
पुठ्ठ्यात ती, तोंड अर्धं उघडं,
समोर कुणाच्या हातात काहीच नाही,
जणू काही सांगायचं आहे,
किंवा नुसती जांभई.