पान सहा

मिरजेच्या रद्दीतून अकरा पानं वाचली,
त्यांचे फोटो माझ्या फोनमध्ये.
पट्ट्याचा बचाव. मोडी. लिहिणाऱ्याचं नाव नाही,
आणि दोन शब्दांत जागा सोडायची त्याला सवय नाही.
सहाव्या पानावर एक ओळ:
वारयेतामागे,
पुढे कसरीनं खाल्लेलं भोक,
मग, सरावे.

भोकात "न" मावतो.
काहीच नसलं तरी चालतं.
मागे सरावे, किंवा मागे न सरावे.
एका अक्षरावर मनगट जायचं.

मी एसीच्या डक्टचे नकाशे काढते.
वरून बघितलेलं आणि बाजूनं बघितलेलं
एका कागदावर कसं नांदतं, ते मला कळतं.
त्याच्या चित्रात पावलं वरून, माणूस समोरून,
ढाल कुठूनच नाही.

शुक्रवारी, ऊन चढायच्या आत,
मुहर्रकच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांपाशी
रोडेल आणि मी.
कॉन्ड्यूटच्या नळ्या, त्यांवर काळं इन्सुलेशन,
फरी म्हणून बिर्याणीच्या पातेल्याचं झाकण.
मोडी त्यानं बापजन्मी पाहिलेली नाही,
पण सेबूला त्याच्या मामानं
वेताच्या काठीनं त्याचे गुडघे मोजलेत.

स्लो, मी म्हणते. तो स्लो मारतो.
मागे सरून बघितलं: टाकीला टेकले, वाचले,
पण एवढ्या लांबून उलटून काय मारू, नमस्कार?
न सरता उभी राहिले: झाकण असं वाजलं
की खालच्या मजल्यावर अबू खलीफा जागे झाले.

सतरा वेळा.
अठराव्याला रोडेल स्लो विसरला.
नळी कानाजवळून गेली, तिचा वारा लागला,
आणि माझा पाय, मला न विचारता,
ती गेली तिकडे, तिच्या पाठोपाठ, आत.
माझं टोक त्याच्या बगलेत.

दोघंही गप्प.
मागे.
कुणाच्या मागे, हे त्यानं लिहिलंच नव्हतं.
मी आपली माझीच पाठ धरून बसले होते.

मग भोकात काय होतं? कदाचित काही नाही.
कदाचित हे सगळं खोटं पाडणारं एक अक्षर.
वहीत पेन्सिलीनं लिहिलं:
पान सहा. चालतं. शंका आहे.

रविवारी साइटवर मनगटाचा निळा डाग बघून
इंजिनिअर म्हणाला, डक्ट लागला?
हो म्हटलं.
सातवं पान सुरूच असं होतं:
हेचडाव्याहाती.