काट्यावरचं हरिकेन

जिनिंगच्या वजनकाट्यावर माझी रात्रपाळी.
दोन गाड्यांच्या मधे वीस मिनिटं मिळतात, कधी चाळीस.
तेवढ्यात मी एका लढाऊ विमानाला रंग देतो.

विमान खेळातलं. उडवणारे दुसरेच,
कोणी क्राकोवचा, कोणी कोल्हापूरचा.
मला उडवता येत नाही.
माझं दर वेळी धावपट्टीच्या टोकाला झाडीत घुसतं.
मी फक्त कातडी करतो.

यादीत रंगाचं नाव होतं डार्क अर्थ.
मी मराठी केलं: काळी माती.
मागच्या वावरातून ढेकूळ आणलं
आणि स्क्रीनला लावून धरलं.
कुठे काय!
त्यांची काळी माती आमच्या मुरमाहून उजळ,
चहात बुडवलेल्या टोस्टसारखी.
ज्यानं हे नाव ठेवलं
त्याची चप्पल समुद्रपूरच्या शिवारात कधी रुतली नसावी.

काजळी मात्र मला जमते.
नळीच्या तोंडाशी पांढुरकी, मग काळी, मग पसरत पसरत नुसती शंका,
ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर रोज पाहतो.
पत्रा कुठे आधी उघडा पडतो तेही माहीत आहे:
जिथे माणूस चढताना पाय देतो तिथे.

नऊला पंचफुला आत्या डबा आणते.
घर कंपाउंडला लागूनच,
मशीन आतोबांच्या विम्यातून आलेली,
गळ्यात टेप तशीच लोंबत असते.
स्क्रीनवर विमान उलगडून पडलं होतं,
पोट इकडे, पंख तिकडे, शेपटीचे दोन तुकडे कोपऱ्यात.
मला वाटलं, समजावून सांगावं लागेल.
ती म्हणाली, "हे तर बेतून ठेवलं हाय.
ही बाही. हा पाठीचा भाग.
इथं शिलाई येते, इथं तुही रेघ जुळनार नाई पाय."
खरंच जुळत नव्हती. आठवडाभर जुळत नव्हती.

मग तिनं पंखावरच्या गोलावर बोट ठेवलं.
निळ्यात फिकट निळा.
"याच्यातला लाल कोनं काढला?"
सांगितलं: समोरच्या जपानी विमानावरही लालच होता, आत्या.
दुरून फरक कळेना.
आपल्याच माणसांनी गोळी घालू नये,
म्हणून पुसला.
ती डब्याचं झाकण लावत होती.
"हं," म्हणाली, "आपल्याच मानसापायी पुसा लागते."

बाहेर सरकीचा ट्रक चढला. काटा हलला.
ग्रॉस लिहिलं. पावती फाडली.

परत आलो तर ती फोटोकडे बघत होती.
एकच फोटो आहे या विमानाचा, काळापांढरा,
चव्वेचाळीस सालचा, बर्माच्या अंगाचा.
एक पोरगा टेकून उभा, मिशी अजून पक्की नाही,
आणि त्याचा पंजा नेमका शेवटच्या अक्षरावर.
मी के टाकून पाहिला, एम टाकून पाहिला.
क्राकोवचा म्हातारा रोज लिहितो: पुरावा काय?
"मेला का हा?"
माहीत नाही.
"नाव?"
तेही नाही. विमानाचा नंबर माहीत आहे, चारातले तीन आकडे.
"मंग एवढं कापड बेतलं,
अन माप कोनाचं घेतलं?"

ती गेली. टेप इथेच विसरली,
की ठेवून गेली.

एकच्या पुढे गाड्या थांबल्या.
ते अक्षर मी खोडून टाकलं.
त्या जागी रंग झिजवला,
हलका, पाच बोटांच्या अंतराने,
जसा आमच्या काट्याच्या खिडकीचा गज झिजलाय
पावतीसाठी थांबणाऱ्यांनी धरून धरून.
खाली पत्रा दिसेल न दिसेल इतकाच.

म्हातारा विचारेलच.
लिहीन, अक्षर हाताखाली आहे.

रिकामा ट्रक उतरायला आला.
टेअर टाकलं.
भरल्यातून रिकामं वजा केलं,
आलं ते लिहिलं, आणि दिवा तसाच ठेवून
पंखाची ती रेघ
पुन्हा शिलाईपाशी जुळवत बसलो.