बुटाची माती

अनुजिन, विद्यापीठाचं पत्र आणि पैशांचा कागद
पाठीवरच्या पिशवीत ठेव, विमानाच्या पोटात नको.
ऑकलंडला पहाटे पाचला उतरशील,
स्वतःचं नावसुद्धा आठवून सांगावं लागेल.

तिथे हसायचं नसतं, असं मला कुणी सांगितलेलं.
खोटं आहे. काचेआडच्या बाईनं विचारलं, काय शिकणार?
मी म्हटलं, मेंढ्यांचे रोग.
माझ्या भावाकडे चारशे आहेत, म्हणाली,
आणि पासपोर्ट सरकवला.

खरी वेस त्याच्यापुढे आहे.
फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंपुढे 'हो' लिही.
आईनं दिलेले वाळल्या दह्याचे खडे
मोज्यात लपवू नकोस, कुत्र्याला कळतं.
माझे गेले. सांगितलं होतं, म्हणून दंड नाही.

मग मेरेआना नावाच्या बाईंनी
माझे बूट उलटे धरले.
खाचांमध्ये आपलं कुरण:
घोड्याची लीद, गवताची एक काडी.
त्यांनी ब्रशनं घासले, पुसले,
आणि दोन्ही हातांनी परत दिले,
आपल्याकडे चहाची वाटी देतात तसे.

ती माती कुठल्या नळीतून कुठे गेली,
विचारायचं राहिलंच.

तू घरूनच बूट धुऊन ये.
किंवा नको धुऊस.
फक्त सांग,
की आहे.

— सोलोंगो