संपर्क क्रमांक

पहाटे तीन वीसला फोन. बोडोहून.
बाईचा आवाज शांत, बँकेतून बोलावं तसा :
तोरलाइफ आपले कोण?

कोणी नाही, म्हणणार होते.
सह्या होऊन दोन वर्षं झालेली.
घर मला, होडी त्याला,
आणि होडीच्या टपावरल्या पिवळ्या डब्याच्या नोंदीत
माझाच नंबर राहून गेलेला.
आळशी माणूस. कॉफीचा कपही कधी विसळला नाही.

होडी बुडाली की डबा आपसूक सुटतो, वर येतो,
आणि आभाळाला एवढंच सांगत राहतो :
पंधरा अक्षरं.
नाव नाही, गाव नाही.
उपग्रहाला काय ठाऊक, कोण गटांगळ्या खातंय!
अक्षरं जमिनीवर उतरतात, कुणीतरी नोंदवही उघडतं,
वहीत मी.

"खोटा इशाराही असतो," बाई म्हणाली,
"कधी डबा भंगारात निघतो, कधी कुणाच्या गॅरेजात.
ते समुद्रावर आहेत का?"
पडदा सारला. धक्क्यावर त्याची जागा
पडलेल्या दातासारखी.
मार्च. कॉडचा हंगाम. वायव्येचा वारा.
"आहे," म्हटलं, "आणि एकटा नाही.
या दिवसांत भाची असते बरोबर. सुनिवा. एकोणीस वर्षांची.
दोघं आहेत.
लिहिलंत का? दोघं."

तराफ्यात एकच सापडला त्यांना.
डबा मनगटाला बांधलेला, दिवा लुकलुकतोय,
ओठ निळे, जीभ लाकडाची,
त्याला काही सांगताच येईना.
पायलटच्या कागदावर मात्र होतं : दोन.
म्हणून हेलिकॉप्टर वळलं नाही घराकडे.
अर्ध्या मैलावर, पूर्वेला, नारिंगी सूट,
शिट्टी दातांत.
फुंकायला श्वास नव्हता उरला,
पण सोडलीही नव्हती पोरीनं.

मे महिन्यात तो आला.
होडी नव्हती अजून, नवा डबा होता,
प्लास्टिकच्या पिशवीत, पावतीसकट,
आणि नोंदणीचा फॉर्म.
लिहिता लिहिता एका रकान्याशी पेन थांबलं.
मी खिडकीतून बघत राहिले
काठ्यांवर वाळत टांगलेले मासे, जोडीजोडीनं शेपटीला बांधलेले.
"बॅटरीची मुदत किती?"
"दहा वर्षं."
"मग तेवढी वर्षं," म्हटलं, "राहू दे जुनाच."

त्यानं लिहिला. न बघता, पाठ होता.
कप तसाच ठेवून गेला.