फार तर दोन तास

रेइनो म्हणाला, "फार तर दोन तास."
तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते.
गॅरेजच्या उत्तरेला, मे उजाडला तरी,
बर्फाचा एक मळका ढीग पाठ करून बसला होता
आणि मी सलगम सोलत होते.

डबीवर तर चाळीसच मिनिटं लिहिलेली.
डबीवरचा तो दात दाखवणारा माणूस
मार्क्वेटला कधी आलेला नाही.
इथे पाच महिने रस्त्यांवर मीठ पडतं,
बरणीत घालावं तसं, सढळ हातानं,
आणि आमची स्टेशन वॅगन त्यात मुरत राहते.

पहिला तास नुसता चाकांचा.
दात घासायच्या ब्रशनं. माझ्या. विचारलं नाही.
एकेका नटाभोवती तो असा फिरवत होता
जसं तान्ह्याच्या कानामागे बोट फिरवावं.
दोन बादल्या: एक साबणाची, एक फडकं खळबळायची.
एकीत भागत नाही का, असं मी
लग्नानंतर एकदाच विचारलं होतं.
उत्तर अजून संपलेलं नाही.

मग त्यानं लोखंड सोडवणारा तो फवारा मारला
आणि पांढऱ्या दारांवरून जांभळे ओघळ उतरले,
कुणी पिकली जांभळं चिरडावीत तसे.
"ब्रेकची धूळ," तो म्हणाला. थोड्या वेळानं,
"आणि धक्क्यावरची. खनिज चढवतात तिथली."
एकतीस वर्षं खाणीत काढली त्यानं.
निवृत्त होऊन सहा झाली,
तरी ती येतेच आहे पाठोपाठ, अंगणापर्यंत.
उकिडवा बसून तो बघत राहिला
जांभळं पाणी उतारानं गटाराकडे जाताना.
हा वेळ कुठल्या खात्यात धरायचा?

बाराला शेजारचा टॉइव्हो आला,
"एवढ्याला किती वेळ लागतो रे?" विचारायला,
आणि मेणाबद्दल चाळीस मिनिटं बोलत उभा राहिला.
डबीवरची ती हीच असावीत.

दुपारी सीटांच्या फटी.
डाव्या हाताचा मोजा. मासे धरायचा गळ.
नातवाचा हिरवा खडू,
उन्हात वितळून कापडाशी सोयरीक केलेला.
कुत्र्याचे केस, अख्खं दुसरं कुत्रं होईल इतके.
आणि माझं कर्णफूल,
जे मी मोटेलात विसरले, असं तो
नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलाय.
आत येऊन त्यानं ते टेबलावर ठेवलं,
सलगमाच्या सालींशेजारी,
आणि न बोलता परत बाहेर गेला.
मीही बोलले नाही. काही गोष्टी
नुसत्या टेबलावर असलेल्या बऱ्या.

साडेचारला तो सौना पेटवणार होता.
शनिवार आमच्याकडे चुकत नाही.
बर्चची लाकडं मीच नेली, मीच पेटवली,
खिडकीतून पाहिलं तर हा आडवा पडून
मडगार्डच्या आतल्या बाजूला मेण लावतोय,
जिथे खाली वाकून बघणारं
कुत्र्याखेरीज कुणी नाही.

सातला हाक आली, "ये, बघ."
बॉनेटमध्ये मेपलच्या फांद्या उतरल्या होत्या, कळ्यांसकट.
मागच्या चाकावरचं गंजाचं भोकसुद्धा
कडेकडेनं चमकत होतं.
आम्ही आत बसलो. दारं लावली.
जायचं कुठेच नव्हतं.
तळ्यावरून थंडी चढत आली,
आमच्या श्वासांनी काच धुरकटली,
आणि माझ्या बाजूला हळूहळू
उमटली पाच बोटं, मग चवडा, मग टाच.
माझा उजवा पाय.
कॉपर हार्बरला जाताना वर ठेवलेला,
कुठल्या उन्हाळ्यात, ते पायालाही आठवत नाही.

"हे राहिलं की," मी म्हटलं.
त्यानं फडक्याची नीट घडी केली, खिशात ठेवली.
"काच उद्या."

गेल्या मे महिन्यातही काच उद्याच होती.
चल, म्हटलं, सौना निवतोय.