मागील संस्था

पुतणी मोबाईलवर माझा अर्ज भरतेय.
कंपूजवळच्या शाळेत पी.टी. शिकवायची जागा,
शेवटची तारीख आज, रात्री बारापर्यंत.
बाहेर अजून लू वाहतेय, कूलर कोरडा घरघरतोय,
आणि तेजू विचारते, "काका, मागील संस्था?
एकच लिहायचीय. जागाच तेवढी आहे."

एकच.
बरं, कुठली?

लष्करातून निघालो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो.
हॉकीच्या गावातला फुटबॉलवाला,
म्हणजे चुकून दुसऱ्याच लग्नात शिरलेला पाहुणा:
पान वाढतात, पण कुणाकडचा ते विचारत नाहीत.
बाबांनी स्टेशनवर गजकचा डबा दिला.
म्हणाले, "नाही जमलं तर ये. मिलमध्ये सांगून ठेवतो."
मिल माझ्याआधी बंद पडली.

कोलकात्याला दुसऱ्या डिव्हिजनात तीन हंगाम.
तिथे मी दिगोम्बोर. मेसमध्ये हसायचे,
नाव दिगंबर, आणि अंगावर कायम
दुसऱ्या कुणाची तरी वस्त्रं.
खोटं नव्हतं. पहिली जर्सी मिळाली
तिच्या पाठीवरचा सोळा उसवून नऊ शिवलेला,
टाक्यांच्या भोकांत सोळा तसाच वाचता यायचा.

मग गोवा, सहा महिने, बाकावर.
मग जालंधरकडची एक कारखान्याची टीम;
चेक दोनदा परत आला,
तिसऱ्यांदा मॅनेजरच आला नाही.
मग केरळात सेव्हन्स. कापलेल्या भाताच्या शेतात
बांबूची गॅलरी, जनरेटरचे दिवे,
सामन्यामागे रोख. पाकिटावर पेनानं लिहिलेलं: ग्वाल्हेर.
माझं नाव कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
आख्खं गाव खिशात घालून झोपायचो.

तेजू, असं काही लिहिता येतं का बघ:
नव्वद मिनिटांत बॉल माझ्या पायाशी
फार तर दोन मिनिटं.
बाकी सगळं पळणं रिकाम्या पायांचं.
डावीकडे सुटायचं, बॅकला मागे ओढत न्यायचं,
म्हणजे मधल्याला वाट मोकळी.
गोल त्याचा. मिठ्या त्याला.
मी तिकडे कॉर्नरच्या झेंड्यापाशी
कमरेवर हात ठेवून धापा टाकत,
आणि तो बॅक मला आईवरून शिव्या देतोय,
कारण सबंध मैदानात त्याला एकट्यालाच
कळलंय मी काय केलं ते.

याला रकाना नाही, म्हणते.

गुडघा त्रिचूरला गेला.
आता आपल्या छोट्या लाइनीसारखा आहे,
चालतो; पोचेलच असं नाही.
हे लिहू नकोस.

"काका, पुढचं. एकूण गोल."
चौकट लाल झालीय, रिकामी सोडता येत नाही.
तेजू टेबलाच्या काचेखाली बघते.
तिथे कात्रण आहे, बाबांनी कात्रीनं जपून कापलेलं,
आता चहाच्या रंगाचं:
ग्वाल्हेरच्या शितोळेचा निर्णायक गोल.
कुणीही आलं की बाबा त्याच्या समोरचा कप
मुद्दाम उचलायचे, खालचं वाचता यावं म्हणून.
पोस्टमनलासुद्धा चहा मिळायचा तो यासाठीच.

डायरीत मोजून ती टाईप करते: सत्तेचाळीस.
"सेहेचाळीस कर."
"का?"
काचेवर बोट ठेवतो.
"हा माझा नव्हता. मी पाय घातला,
पण लागला नाही. त्यांच्या बॅकच्या
नडगीवरून आत गेला. पंचाला दिसलं नाही."

ती सात खोडते, सहा करते.
मग थोडं थांबून,
"आजोबांना माहीत होतं?"

मी बादली घेऊन उठतो,
कूलरात पाणी घालायला.