सव्वाशे मिली

लीनू, पाच लिटरला सव्वाशे मिली.
आधी तेल, मग पेट्रोल, मग डबा हलव,
अंदाजपंचे नाही, शंभरपर्यंत मोजून,
आणि डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिही.
मी एकदा लिहिली नव्हती.
खिडकीत आपण पेन्सिली ठेवतो तो पिस्टन,
कडेला चार उभे ओरखडे असलेला,
तो त्या दिवसाचा.

बाबा तेव्हाही फिनलंडमध्येच, कुणाच्या तरी छपरावर.
फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, फोन इंजिनापाशी धर. किक मार.
मारली.
किक जागची हलली नाही.
"ऐकलं," म्हणाले.

आता एप्रिल. ट्रॅकवरचा बर्फ गेला,
पाइनच्या सावलीत तेवढा उरलाय, मळक्या गादीसारखा.
या हिवाळ्यात मी नऊ सेंटिमीटर वाढलो
आणि वळणावर गुडघा हँडलला आपटायला लागला.
पासष्ट सीसी वाढत नाही.
म्हणून तुझी.

थंड इंजिनाला लगेच रेस देऊ नकोस.
पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागून,
तेवढी दोन-तीन मिनिटं नुसती उभी राहा,
हात सिलिंडरवर, हात ठेववेना इतका तापला की नीघ.
चेन तीन बोटं हलली पाहिजे. माझी तीन नाहीत, बाबांची.
आपल्याकडची वाळू पिठासारखी, सगळीकडे शिरते:
फिल्टर दर वेळी धुवायचा,
दमलीस तरी, मॅच हरलीस तरी, आईनं जेवायला हाक मारली तरी,
आणि तेलात असा मळायचा की रंग सगळीकडे सारखा.
पिळायचा नाही. दाबायचा.
घरी आलीस की पेट्रोलचा नळ बंद.
विसरलीस तर सकाळी गॅरेजभर वास,
आणि दारात आई.

उताराचं नीट ऐक.
खाली येताना भीती वाटते, हात आपोआप रेस सोडतो,
इंजिन तसंच किंचाळत राहतं आणि आत कोरडं पडतं.
याला वेगळं तेल नाही, लीनू.
जे जळतं त्यातूनच याला मिळतं.
थोडी तरी रेस देत राहा.
मधूनमधून, एवढीशी.

आणि ते दुसरं, जे मला सांगता येत नाही:
खालच्या रेव्हला काही नाही,
अजून काही नाही,
वाटतं बिघडली,
आणि मग सगळं एकदम, पाठीमागून,
कुणी बखोट धरून फेकल्यासारखं.
तेव्हा क्लचवर एक बोट असू दे.
आणि डोळे समोरच्या चाकाकडे नाही. पुढे.

शनिवारी तू पहिल्यांदा एकटी गेलीस.
हेल्मेट मोठं, मान हलत होती, पाय टोकावर.
पहिल्या उडीआधी ब्रेक मारलास, मला दिसलं.
दुसऱ्या फेरीला नाही मारलास.
मी कुंपणाशी, फोन वर धरून,
पलीकडे ताम्पेरेत बाबा, जेवणाच्या सुट्टीत.
"जेट मोठा घातलास?"
तिनं घातला.
"प्लगचा रंग?"
सुकलेल्या चिखलासारखा.
मग तू समोरून गेलीस,
घुर्र करत, किंचित अडखळत, निळ्या धुराची शेपटी मागे,
आणि ते गप्प झाले. किती वेळ, मोजलं नाही.
"पेट्रोल जरा जास्त जातंय," म्हणाले.
कमी करू?
"नको. राहू दे."

संध्याकाळी गॅरेजातली वही उघडली.
तासांच्या रकान्यात माझा शेवटचा आकडा एकसष्ट पूर्णांक दोन.
मला वाटलं होतं तू खाली रेघ मारशील,
तुझं नाव घालशील, शून्यापासून सुरू करशील.
तू लिहिलं होतंस
एकसष्ट पूर्णांक सहा,
सहाचं पोट तेलकट.
विचारलं तर फिल्टर दाबता दाबता
वर न बघता म्हणालीस,
इंजिन तेच आहे ना.